सातबाऱ्यावरचे नशीब

करांचा बोजा कोणी किती उचलावा, सरकारने कोणाला काय द्यावे आणि एखाद्याची श्रीमंती कष्टाची मानावी की योगायोगाची, या प्रश्नांवरची मते माणूस तत्त्वांचा विचार करून बनवतो असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात त्या मतांचा उगम पुष्कळदा त्या माणसाला किंवा त्याच्या आजोबांना काय मिळाले आणि काय गमवावे लागले यात सापडतो. पुणे शहर आणि त्याच्या भोवतालची गावे हा प्रदेश या नात्याचा अभ्यास करण्यास विशेष सोयीचा आहे, कारण गेल्या पाऊणशे वर्षांत येथे संपत्तीची जी मोठी उलथापालथ झाली ती मुख्यतः जमिनीतून झाली, आणि जमिनीचा इतिहास सातबाऱ्यावर, फेरफारात आणि विकास आराखड्यात तारखेनिशी नोंदलेला असतो.

या प्रकरणात ‘नशीब’ हा शब्द ललाटरेषेच्या अर्थाने वापरलेला नाही. ज्या घटनेवर माणसाच्या श्रमाचा, बुद्धीचा किंवा निर्णयाचा काहीही ताबा नसतो, मात्र जिच्यामुळे त्याचे आयुष्य बदलते, ती घटना म्हणजे येथे नशीब. ‘विशेषाधिकार’ हे त्याच नशिबाचे साचलेले रूप होय: एका पिढीला योगायोगाने मिळालेला लाभ कायद्याच्या, रूढीच्या, जातीच्या किंवा ओळखीच्या आधाराने पुढच्या पिढ्यांकडे जात राहिला, की तो विशेषाधिकार बनतो, आणि जन्मापासून सोबत असल्यामुळे तो उपभोगणाऱ्याला सहसा जाणवतही नाही.

मुंबई राज्याचा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ साली झाला. लोकांच्या बोलण्यात तो ‘कुळकायदा’ या नावानेच राहिला. त्यात पुढे जी महत्त्वाची दुरुस्ती झाली, तिच्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कायदेशीर कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत होता तो, काही अपवाद वगळता, त्या जमिनीचा मानीव खरेदीदार झाला, म्हणजे व्यवहार प्रत्यक्ष झालेला नसला तरी कायद्याने तो झाला असे मानले गेले. किंमत ठरवण्याचे काम शेतजमीन न्यायाधिकरणाकडे आले, आणि सर्वसाधारण कुळाच्या बाबतीत ती जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत असू शकत होती. कायम कुळाला तर वार्षिक खंडाच्या सहा पट रक्कम पुरेशी होती. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असल्यास खरेदीची तारीख पुढे जात असे, त्यामुळे एकाच शिवारातल्या दोन शेजारी कुळांपैकी एकाला मालकी लगेच मिळाली आणि दुसऱ्याचा दावा अनेक वर्षे रेंगाळला, असेही घडू शकत होते. त्या दोघांच्या घामात मात्र काडीचा फरक नव्हता.

या कायद्याचे आणखी एक अंग पुण्यातल्याच अभ्यासकांनी उजेडात आणले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी केलेली पाहणी १९५७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात असे दिसले की कायदा कागदावर संरक्षण देत असताना अनेक कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनीचे राजीनामे दिले होते. ही स्वखुशी किती खरी होती हे मालकाच्या वजनावर, गावातल्या दबावावर आणि कुळाच्या डोक्यावरच्या कर्जावर अवलंबून होते. म्हणजे कृषक दिनाच्या आधीच एक निवड होऊन गेली होती: ज्याचा मालक दूर शहरात राहत होता, सौम्य होता किंवा बेफिकीर होता, त्या कुळाचे नाव वहीत टिकले, ज्याचा मालक गावातच राहत होता आणि सावध होता, त्याचे नाव खोडले गेले. ज्यांचे नाव कोणत्याच रकान्यात कधी नव्हते अशा शेतमजुरांना, ज्यांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने होती, या सगळ्या घडामोडीत काहीच मिळाले नाही, आणि कुळांच्या घरातल्या स्त्रियांनी त्याच शेतात कष्ट केलेले असूनही सातबारा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्याच नावे झाला.

त्यानंतर शहर वाढले. महापालिकेची हद्द १९९७, २०१७ आणि २०२१ साली टप्प्याटप्प्याने पसरत गेली, हिंजवडीला माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, आणि एके काळी ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या जमिनीचा भाव एकराऐवजी गुंठ्यात सांगितला जाऊ लागला. या भावावर शेतकऱ्याच्या कसण्यापेक्षा आराखड्यावरच्या रेघेची सत्ता अधिक होती: रेघेच्या एका बाजूला निवासी विभाग, दुसऱ्या बाजूला शेती विभाग, आणि मधेच एखाद्या गटावर उद्यानाचे, शाळेचे किंवा रस्त्याचे आरक्षण. हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने जमीन संपादित केली, तेव्हा मोबदला आणि वेळ या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हाताबाहेर होत्या. उलट हडपसरला मगर कुटुंबांनी, साधारण १२० घरांनी, चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागभांडवल वाटून घेतले आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने २००० सालापासून मगरपट्टा सिटी स्वतःच उभारली. या प्रयोगातली दूरदृष्टी आणि एकजूट निर्विवाद आहे. मात्र ती फळाला येण्यासाठी सलग जमीन, एका भावकीतला विश्वास आणि वाढत्या शहराची कड या तीन गोष्टी आधीपासून हाताशी असाव्या लागल्या, आणि तितकीच एकजूट एखाद्या दुष्काळी तालुक्यातल्या भावकीने दाखवली असती तर तिला बांधबंदिस्तीपलीकडे फारसे काही उभारता आले नसते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले आहे: मोठ्या यशासाठी कष्ट आणि गुण जवळजवळ अपरिहार्य असतात, परंतु कष्ट करणारे आणि गुणी लोक पुष्कळ असल्यामुळे त्यांच्यातून कोण पुढे जाईल हे ठरवताना नशिबाचा छोटासा वाटाही निर्णायक ठरतो.

या इतिहासाच्या तीन कडांवर वाढलेली तीन प्रकारची घरे आजच्या पुण्यात शेजारी-शेजारी राहतात, आणि न्यायाविषयीची त्यांची बोली वेगवेगळी आहे. ज्यांच्या आजोबांची जमीन कुळाकडे गेली त्या घरांत सरकार म्हणजे एका सहीने हिरावून घेणारी शक्ती, अशी भावना मुरलेली असते. जमीन नेता येते, शिक्षण नेता येत नाही, या धड्यावर तिथल्या मुलांचे आयुष्य उभे राहते, आणि पुढे परदेशी गेलेला नातू आपल्या यशाचे श्रेय त्या शिक्षणाला देतो. हे श्रेय खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण जमीन गेल्यावरही त्या घरात वाचता येणारी आजी होती, शहरात आधार देणारे नातलग होते, आणि शाळेतल्या मास्तरांची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी नव्हती. कुळाच्या घरात ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व न्यायाचा पाया मानले जाते, मात्र तेच घर पुढे बांधकाम व्यावसायिकाशी करार करते, तेव्हा ती जमीन कसणाऱ्या मजुराला त्यात वाटा असावा हा विचार सहसा पुढे येत नाही. मजुराच्या घरात दोन्ही बाजूंच्या तक्रारी परक्या वाटतात. तेथे न्याय म्हणजे रोजचे काम, रेशनचे धान्य आणि राहत्या झोपडीला मिळणारा कागद.

शहरी मध्यमवर्गाने जमीन विकून श्रीमंत झालेल्या शेतकऱ्यासाठी ‘गुंठामंत्री’ असा शब्द घडवला आहे, आणि तो शब्द या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. त्यामागचा आक्षेप असा असतो की हा पैसा कमावलेला नाही. परंतु १९८०च्या दशकात कोथरूडला घेतलेल्या सदनिकेची किंमत ज्या कारणाने वाढली तेच कारण बाणेरच्या गुंठ्यालाही लागू आहे, म्हणजे शहराची वाढ, सार्वजनिक पैशाने झालेले रस्ते आणि आलेले पाणी. सदनिकाधारक त्या वाढीला ‘गुंतवणूक’ म्हणतो, कारण त्याने दरमहा हप्ते फेडले आणि ते कष्ट त्याला आठवतात. शेतकऱ्याच्या बापाने विहीर खोदताना उपसलेले कष्ट मात्र त्याने पाहिलेले नसतात. अर्थशास्त्रात अशा न कमावलेल्या मूल्यवाढीला ‘अनर्जित वाढ’ म्हणतात, आणि तिच्यावर समाजाचा किती हक्क असावा या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण ती वाढ कोणाच्या दारात झाली आहे हे पाहून देतात.

संपत्ती मिळाल्यामुळे मते बदलतात की मुळातच वेगळी मते असणारे लोक संपत्ती मिळवतात, हा कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळवायचे तर सारख्याच माणसांपैकी काहींना निव्वळ योगायोगाने लाभ झाला आणि काहींना झाला नाही, अशी परिस्थिती शोधावी लागते. अर्जेंटिनात ब्वेनोस आयर्सच्या उपनगरी भागात १९८१ साली अनेक गरीब कुटुंबांनी मोकळ्या जमिनीवर वस्ती केली. १९८४ साली सरकारने ती जमीन मूळ मालकांकडून घेऊन रहिवाशांना देण्याचा कायदा केला. काही मालकांनी मोबदला स्वीकारला, काही न्यायालयात गेले. त्यामुळे एकाच वस्तीत काही घरांना मालकीपत्र मिळाले आणि काही घरे तशीच लटकत राहिली. डी तेला, गालियानी आणि शार्ग्रोड्स्की या तीन अभ्यासकांनी पुढे या दोन गटांची मते तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा मालकीपत्र मिळालेल्यांचा कल खुल्या बाजाराला अनुकूल समजुतींकडे अधिक आढळला. माणूस कोणाच्या मदतीवाचून स्वतःच्या बळावर यशस्वी होऊ शकतो, असे त्यांना अधिक वाटू लागले होते. येथे एक गोष्ट फार मोलाची आहे. त्या लोकांना कागद मिळाला तो सरकारच्या कायद्यामुळे आणि एका अनोळखी मालकाच्या निर्णयामुळे, आणि तरीही त्या कागदाने त्यांना स्वावलंबनावरचा विश्वास दिला.

पुण्यात अशीच एक रेघ नदीने ओढली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले, लकडी पूल पाण्याखाली गेला आणि मुठेकाठच्या पेठांमधले हजारो संसार वाहून गेले. पूर ओसरल्यावर स. गो. बर्वे यांच्या देखरेखीखाली पुनर्वसन सुरू झाले, पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने मिळाल्या. पुराने जे नेले त्याची भरपाई कोणत्याही भूखंडाने होण्यासारखी नव्हती, आणि त्या पिढीने नव्या वसाहतीत शून्यापासून संसार उभे केले हे कोणीही नाकारू नये. तरीही हिशेबाची दुसरी बाजू मांडणे आवश्यक आहे: पूररेषेच्या चार पायऱ्या वर, कोरड्या राहिलेल्या वाड्यात एका खोलीत राहणाऱ्या तितक्याच गरीब भाडेकरूला काहीच मिळाले नाही, आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्या काळी गावाबाहेरची वाटणारी जमीन पन्नास-साठ वर्षांत शहरातल्या महाग वस्त्यांत जाऊन बसली. त्याच पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथल्या रहिवाशांना हक्काचे घर देण्याचा प्रश्न निघाला की सरकारने कोणाला फुकट देऊ नये, असा सूर खालच्या अंगाला उमटतो, आणि आपल्या आजोबांच्या भूखंडाचा मूळ भाडेपट्टा कोणी दिला होता हे त्या क्षणी आठवत नाही.

या पुराची आणखी एक बाजू मराठीने दोन शब्दांत जपून ठेवली आहे: ‘पूरग्रस्त’ आणि ‘धरणग्रस्त’. पानशेतसाठी आंबी नदीच्या खोऱ्यातल्या ज्या गावांनी घरे आणि शेते सोडली ते धरणग्रस्त, आणि धरण फुटल्याने ज्यांची घरे गेली ते पूरग्रस्त. दोघांचे नुकसान एकाच बांधकामाने केले, मात्र शहराची सहानुभूती पहिल्यांच्या वाट्याला कधी तितकी आली नाही, कारण त्यांच्या बुडालेल्या शिवारातूनच शहराच्या नळाला पाणी येते. चाळीस वर्षे आधी, १९२१ साली, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला, तेव्हाही शहर आणि खोरे यांच्यात अशीच दरी दिसली होती. राजेंद्र व्होरा यांनी त्या लढ्याच्या अभ्यासात दाखवले आहे की जमीन सावकारीतून हाती आलेल्या, पुण्यात राहणाऱ्या मालकांपैकी अनेकांना मोबदला पुरेसा वाटत होता, आणि त्या जमिनीवर जगणाऱ्या मावळ्यांना जमिनीच्या बदल्यात पैसा ही कल्पनाच अन्यायाची वाटत होती. एकाच शेताकडे पाहताना एकाला मालमत्ता दिसत होती आणि दुसऱ्याला जगण्याचे साधन. दोघेही न्यायच मागत होते.

स्वतःला मिळालेल्या आधाराचे हे विस्मरण केवळ स्वार्थातून येते असे म्हणणे उथळ ठरेल. मानसशास्त्रज्ञ शाई डेव्हिडाय आणि टॉमस गिलोविच यांनी २०१६ साली त्यासाठी वाऱ्याची उपमा वापरली, आणि एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातल्या वाचकाला ती विशेष पटेल: समोरून वारा असला की प्रत्येक पायडल जाणवते, पाठीमागून वारा आला की दोन क्षण बरे वाटते आणि मग वारा आहे याचेच भान जाते. अडथळा पार करावा लागतो, म्हणून तो लक्षात राहतो. अनुकूलता वापरून पुढे जायचे असते, म्हणून तिची नोंद होत नाही. प्रत्येक माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडताना अडचणींचा रकाना पूर्ण भरतो आणि आधाराचा अर्धाच भरतो, आणि त्याच अर्ध्या हिशेबावर तो मत देतो.

स्वतःच्या अनुकूलतेपलीकडे पाहणारी माणसेही याच शहरात झाली. जोतीराव फुले स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते, नगरपालिकेचे सदस्य होते, म्हणजे त्या काळच्या मानाने सुस्थितीत होते. तरीही १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्रश्न विचारला तो शेतसाऱ्याच्या दिशेने. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असे त्यांनी मांडले आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गुणवत्तेवर मिळालेली पदवी ही कोणा दुसऱ्याच्या साऱ्यातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात मिळते, हा विचार आजही प्रवेशपरीक्षांच्या वादात क्वचितच ऐकू येतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. त्यांचे स्वतःचे शिक्षण थोरल्या भावाने आपले शिक्षण सोडून नोकरी धरल्यामुळे पुरे झाले होते, आणि इतरांच्या मुलांना असा भाऊ असेलच असे त्यांनी गृहीत धरले नाही.

नशीब जेव्हा सर्वांना एकदम दिसते तेव्हा मते किती बदलू शकतात, याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण १९७२ सालचा दुष्काळ होय. त्याच्या आदल्या वर्षी दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याहून प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा आणि त्यासाठी वरच्या थराच्या उपभोगाला कात्री लावावी, असे सुचवले होते. तो प्रस्ताव तसाच्या तसा स्वीकारला गेला नाही, परंतु पाऊस पडला नाही हा कोणाच्याही आळसाचा परिणाम म्हणता येत नव्हता. खडी फोडणाऱ्या रांगांत कालपर्यंत बरे चाललेले शेतकरीही उभे होते. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोट्या प्रमाणावर सुरू केलेली रोजगार हमी या दुष्काळात राज्यभर पसरली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन सरकारने पत्करले. या योजनेला बागायतदारांचाही पाठिंबा मिळाला, कारण पाझर तलाव आणि रस्ते त्यांच्याही शेताजवळून जात होते. आणि शहरानेही तिला फारसा विरोध केला नाही, कारण मदत घेणारा माणूस उन्हात राबताना दिसत होता. काम न करता मिळालेली मदत आणि काम करून मिळालेली मदत यांत लोक किती तीव्र भेद करतात, हे त्यातून दिसते. तोच भेद ते वारशाने मिळालेल्या सदनिकेला लावत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

या हमीचा खर्च भागवण्यासाठी १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा वाटा. राज्यघटनेने या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये ठेवली होती, ती १९८८ साली २,५०० रुपये झाली, आणि त्यानंतर ती हललेली नाही. म्हणून हिंजवडीतल्या कंपनीत महिना तीस हजार मिळवणारा नवखा कर्मचारी आणि तीन लाख मिळवणारा त्याचा वरिष्ठ अधिकारी दोघेही सारखाच कर भरतात. दोघांच्या वेतनपत्रकावर अकरा महिने २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात छापून येते, आणि ती कोणत्या दुष्काळात, कोणत्या रांगेसाठी सुरू झाली होती हे त्या पत्रकावर कोठेच लिहिलेले नसते.